पहिल्या नंबरवरचा आवाज

हिटरचा पंखा पहिल्या नंबरवर ठेवला की आवाज यायचा. वर एक बारीक, धारदार किर्र आणि तिच्याखाली, लक्ष देऊन ऐकलं तरच कळेल अशी एक जड घरघर. गाडी डावीकडे वळली की किर्र वाढायची, उजवीकडे वळली की क्षणभर थांबायची. सकाळी गाडी गारठलेली असताना ती सगळ्यात जास्त असायची, जरा तापल्यावर मवाळ व्हायची. तिसऱ्या-चौथ्या नंबरवर हवेचाच आवाज एवढा मोठा की ती त्यात बुडून जायची, पण गेलेली नसायची. हे सगळं मी मनात नीट लावून ठेवलं होतं, कारण वर्कशॉपमध्ये विचारतील असं मला वाटलं होतं. कोणी विचारलं नाही. हातात टॅबलेट घेतलेला एक तरुण मुलगा खिडकीशी आला, गाडी कोणत्या सालची ते त्याने विचारलं, मी २००७ म्हटलं, आणि तो म्हणाला, "मग मॅडम, जुनी गाडी आहे, आवाज तर येणारच." बॉनेट उघडलं नाही, पंखा लावून पाहिला नाही, कान आत घातला नाही. फारच त्रास होत असेल तर अख्खं युनिट बदलू, मागवावं लागेल, पण एवढ्या जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला करता, असंही तो समजुतीच्या सुरात म्हणाला. त्याच्यामागे गाड्यांची रांग लागली होती, दुपारपर्यंत त्याला त्या सगळ्या आत घ्यायच्या होत्या. त्याचा मला राग आला नाही. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं.

शेजारच्या सीटवर आई होती. शंकरनगर येईपर्यंत ती काही बोलली नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा समोर बघतच म्हणाली, "मामाजींना आपण हेच म्हणत होतो."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे आजोबा.

"काय म्हणत होतो?"

"वय झालं. ऐकायला कमी येणारच."

सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि तो विषय तिथेच राहिला. म्हणजे आईपुरता राहिला. माझ्या डोक्यात तो त्या किर्र आवाजात मिसळून पुढे कितीतरी दिवस फिरत होता.

नागपूरबाहेरच्या माणसाला सांगितलं की आम्हाला गाडीत हिटर लागतो, तर तो विश्वास ठेवत नाही. त्याने नागपूर मे महिन्यात ऐकलेलं असतं, पारा ४६-४७ वर गेल्याच्या बातम्यांमधून. पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि त्या आठवड्यात सकाळी मोकळ्या हातांनी स्टिअरिंग धरवत नव्हतं. थंडी फार दिवस टिकत नाही. अधिवेशनासाठी रस्ते बॅरिकेड्सनी भरतात त्या सुमारास ती येते आणि संक्रांतीनंतर हळूहळू निघून जाते. त्या तेवढ्या दिवसांत हिटरचा तो निळा-लाल खटका लाल बाजूला सरकतो. हंगामातला पहिला हिटर लावला की एक वास येतो, तो मला लहानपणापासून आवडतो: तापलेल्या धुळीचा, वाळलेल्या पानांचा, किंचित कोंदट. आधी मिनिटभर गारच हवा येते, कारण हिटरची ऊब इंजिनाच्या पाण्यातून घ्यायची असते आणि ते पाणी तापायला वेळ लागतो. मग पायांशी कोमट झुळूक येते, आणि बाहेर रिंग रोडवर धुकं असलं तरी आत आपण सुखरूप आहोत असं वाटायला लागतं.

हा पंखा हिटरचा म्हणायचा, पण तो एकट्या हिटरचा नाही. उन्हाळ्यात ए.सी.ची हवा तोच फेकतो, पावसाळ्यात काचेवर धरलेलं बाष्प तोच पुसतो. वर्षभर राबतो. फक्त उन्हाळ्यात तो चौथ्या नंबरवर असतो आणि हवेच्या झोतात त्याची तक्रार ऐकू येत नाही. हिवाळ्यात पहिल्या नंबरवर, काचा बंद, बाहेर शांतता, तेव्हा ती येते. शिवाय थंडीत आतलं उरलंसुरलं तेलही घट्ट झालेलं असतं. म्हणजे दुखणं आधीचंच, थंडीत ते नुसतं ऐकू आलं.

घरच्यांनी आणि ओळखीच्यांनी आपापल्या परीने उपाय सांगितले. गाण्यांचा आवाज वाढव. हिटर लावूच नको, शाल घे. डॅशबोर्डखाली पायाने एक ठोसा दे. हा शेवटचा उपाय खरोखर चालायचा, मिनिटभर घरघर थांबायची, आणि त्यावरूनच मला वाटायला लागलं की आत काहीतरी सुटं पडलेलं आहे, ठोशाने ते जागचं हलतं आणि पुन्हा येऊन बसतं. ज्याला ठोसा दिल्याने फरक पडतो त्याला वय हे कारण कसं असेल, हा प्रश्न मला पहिल्यांदा तिथे पडला.

आवाज ऐकून दुखणं ओळखणं ही आमच्या घरातली जुनी सवय. बाबांना कूलरचं सगळं कळायचं. आमच्याकडचे कूलर म्हणजे पत्र्याचे भले मोठे डबे, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेले, होळी झाली की गच्चीवरून खाली यायचे, टाकी घासली जायची, तळाला डांबर लागायचं, ताट्या बदलल्या जायच्या. पहिल्या रात्री ओल्या ताट्यांचा गवती वास घरभर भरायचा आणि त्या वासात आम्ही भावंडं गाद्या टाकून झोपायचो. त्या पंख्याचा आवाज इतका मोठा असायचा की बाजूच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे, तरी त्या आवाजात झोप यायची. उलट, मध्यरात्री लाइन गेली आणि कूलर थांबला की ती शांतता सगळ्यांना खाडकन उठवायची. अख्खी गल्ली एकदम जागी व्हायची, दारं उघडायची, अंगणात माणसं यायची. अशा एका रात्री, लाइन परत आल्यावर, कूलर पुन्हा फिरू लागला आणि बाबा अंधारातच म्हणाले, "बुश चालला याचा. या वर्षी नाही, पण पुढच्या वर्षी जाईल." बुश म्हणजे मोटारीचा दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी. त्यांनी दिवाही लावला नव्हता. मी बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले, मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये तो बुश गेला.

बाबांना हे त्यांच्या वडिलांकडून आलं होतं. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी सुरू केलेली मिल, म्हणून ते नाव. मिल पुढे बंद पडली आणि आता गांधीसागरजवळ तिच्या जागेवर मॉल आहे. आजोबांनी सांगितलेली मिल मला त्या मॉलच्या पार्किंगमध्ये उभं राहून कधीच दिसली नाही. ते म्हणायचे, खात्यात शिरलं की माणसाचा आवाज संपायचा. रांगेने हजारो चात्या फिरत असायच्या, शेजारी उभ्या माणसाशी हातांनी आणि ओठांनी बोलायचं. पण त्या सगळ्या गदारोळातही एखादी चाती तेलाविना फिरत असली तर ती त्यांना ऐकू यायची. "बाकी साऱ्या एकच बोलतात, ती एकटी वेगळी बोलते," असं म्हणायचे. तेलवाला येण्याआधी ते बोट दाखवून मोकळे व्हायचे. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला मी अभिमान म्हणेन. कामगारांच्या सभा, संप, बोनस यांविषयी ते एवढं खुलून बोलत नसत.

मला आठवतात ते आजोबा निवृत्त झालेले होते. अंगणातल्या कडुनिंबाखाली खाटेवर बसलेले, धोतर, वर पांढरी बंडी. मी हाक मारली की बघायचे नाहीत. बाबांनी मारली की बघायचे. आजीचं ते आयुष्यभराचं गाऱ्हाणं होतं: "साऱ्यांचं ऐकू येते, माझंच येत नाही यांना." आम्ही हसायचो. आजीही हसायची, पण थोडी मागाहून. पावसाळ्यात रात्री अंगण रातकिड्यांनी भरून जायचं, कान किटतील एवढं, आणि आजोबा एकदा म्हणाले, "पूर्वी रातकिडे किती असायचे. आता राहिले नाहीत." आम्ही सगळे त्या आवाजात बसलो होतो. आई आत पोळ्या लाटत होती, ती बाहेर येऊन त्यांच्याकडे बघून पुन्हा आत गेली. बाबा म्हणाले, "वय झालं त्यांचं." दवाखान्यातही तेच सांगितलं गेलं, साठीनंतर होतंच म्हणून. कानात थेंब घालायला दिले.

फार पुढे, मुलीच्या शाळेसाठी ध्वनिप्रदूषणावर काहीतरी वाचताना मला ते कळलं. सततच्या गोंगाटाने कानाच्या आतल्या शंखातल्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी मरतात, आणि त्या पुन्हा येत नाहीत. सगळ्या आवाजांच्या एकदम जात नाहीत. बारीक, उंच आवाजांच्या आधी जातात, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो. जाड आवाज पुष्कळ दिवस शाबूत राहतात. म्हणून बाबांची हाक पोहोचायची आणि आजीची नाही. बाईचा आवाज, लेकराचा आवाज, स, श, त ही अक्षरं, रातकिडे, हे सगळं एका टोकाचं. आजी चुकीचं काही म्हणत नव्हती. तिचंच ऐकू येत नव्हतं त्यांना. त्यांच्या कानातून तिचा आवाज मिलने नेला होता. कारखान्यांच्या कायद्यात गोंगाटाने येणारा बहिरेपणा आजारांच्या यादीत आहे, आणि आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा नियमांत आहे. आजोबांच्या बाबतीत हे काही कोणी मोजलं नाही. ज्या माणसाने हजारोंतून एक कोरडी चाती ओळखली त्याचा कान कशाने गेला, हे कोणी विचारलं नाही, कारण उत्तर आधीच तयार होतं.

ते उत्तर वाईट मनाने दिलेलं नव्हतं. मला वाटतं, त्यात एक प्रकारची माया असते. वय झालं म्हटलं की माणसावरचा दोष जातो, घरातली कुरबुर थांबते, सगळे जरा सांभाळून घ्यायला लागतात. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट होते: बघणं थांबतं. एकदा वय म्हटलं की आत हात घालायचं कारण उरत नाही. आजोबांच्या खाटेजवळ जाऊन, त्यांच्या समोर बसून, ओठ दिसतील असं बोललं असतं तर ते आणखी कितीतरी बोलले असते. ओठ वाचायला ते मिलमध्येच शिकले होते. हे आम्हाला माहीत असूनही कोणी जोडून बघितलं नाही.

गाडीचं म्हणाल तर ती शेवटी कूलरवाल्याकडे गेली.

गोकुळपेठ बाजाराच्या मागच्या बाजूला एका गल्लीत कूलर, पंखे, मिक्सर दुरुस्त करणारं एक छोटं दुकान आहे. मार्च ते जून तिथे उभं राहायला जागा नसते. फुटपाथवर पंप, मोटारी, पाती, ताट्या यांचा ढीग, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं एकच म्हणणं, आजच्या आज पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत तेच दुकान सुनं असतं. मी मिक्सर घेऊन गेले होते. दुकानदार भाऊ उन्हात खुर्ची टाकून जुन्या मोटारीची वाइंडिंग सोडवत बसले होते. बोलता बोलता मी गाडीचा विषय काढला, कारण त्यांच्या हातातल्या मोटारीचा दांडा ते अंगठ्याने जसा हलवून बघत होते ते मला ओळखीचं वाटलं. बाबाही तसाच हलवून बघायचे.

"काय होते जी ताई? सांगा बरं," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पहिल्या नंबरवर जास्त की चौथ्या? गाडी गार असताना, की तापल्यावर? वळताना बदलते का? खड्ड्यातून गेल्यावर? एकच आवाज आहे की दोन? चारही नंबर चालतात ना? नुसता चौथाच चालत असता तर मोटर नाही, वेग कमी करणारा रेजिस्टन्स गेला असता. जळका वास? गोड वास? गोड वास म्हणजे हिटरमधून कूलंट गळते, मग ते माझ्याकडचं काम नाही, ते म्हणाले. मी जे जे वर्कशॉपसाठी मनात लावून ठेवलं होतं ते सगळं इथे, उन्हात, मिक्सर मांडीवर घेऊन सांगितलं. सांगता सांगता मला भरून आलं, याचं कारण त्या वेळी मला कळलं नाही. ते ऐकत होते, आणि मधेच म्हणाले, "दोन आवाज आहेत म्हणजे दोन दुखणी आहेत. एक पाहून भागायचं नाही."

गाडी दुकानासमोर लावली. ग्लोव्ह बॉक्स आतून दाबून त्यांनी खाली पाडला, मग रस्त्यावर पोतं टाकून त्यावर उताणे झाले आणि डोकं आईच्या सीटच्या पायांशी घातलं. तीन स्क्रू आणि एक कनेक्टर, एवढंच. कनेक्टर काढून त्यांनी आधी उजेडात धरून पाहिला. मोटर जड फिरली तर ती जास्त करंट ओढते आणि मग कनेक्टरचं प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी पडतं, पुढे वितळतं. आमचा एका पिनेशी जरासा करपला होता. "वेळेवर आणली," म्हणाले. मग मोटर पंख्यासकट खाली आली. पंखा म्हणजे उभ्या पात्यांचा एक गोल पिंजरा, आणि त्या पात्यांमध्ये मशेरीसारखा काळा भुगा दडपून बसलेला. कडुनिंब. पानं, काड्या, दोन-तीन वाळलेल्या निंबोळ्या, आणि सीटच्या स्पंजाचे कुरतडलेले तुकडे, म्हणजे पावसाळ्यात उंदरांनीही तिथे संसार मांडून बघितला होता. आमची गाडी अंगणातल्या त्याच कडुनिंबाखाली उभी असते. काचेखालच्या जाळीतून पान आत पडतं, आणि त्या काळच्या आमच्या गाडीत मधे फिल्टर नाही, ते सरळ पंख्यात येतं. एका बाजूला भुगा साचला की पंख्याचा तोल जातो. ती घरघर. पायाच्या ठोशाने हलत होतं ते हेच.

त्यांनी ब्रशने एकेक पातं साफ केलं. एका पात्यावर एक बारीकशी पत्र्याची चिमटी होती, मला वाटलं तीही कचऱ्यातलीच, काढायला गेले तर हात धरला त्यांनी. तोल साधायला कंपनीनेच लावलेली असते ती, काढली तर पंखा जन्मभर थरथरेल. मग पंखा दांड्यावरून काढण्याआधी दोन्हींवर रंगाची एक रेघ मारली, परत तसाच बसावा म्हणून. आणि मोटारीचा दांडा अंगठ्याने हलवला. "खेळ आहे थोडा. जास्त नाही. बुश कोरडा पडला."

कोरडा पडला म्हणजे काय, ते त्यांनी मला दाखवलं. हा बुश भरीव पितळेसारखा दिसतो, पण असतो सच्छिद्र, धातूची भुकटी दाबून बनवलेला. त्याच्या छिद्रांत तेल भरलेलं असतं आणि भोवती तेलात भिजलेली नमद्याची चकती असते. दांडा फिरून तापला की तेल बाहेर येतं, थंड झाला की परत आत शोषलं जातं. वर्षानुवर्षं हे चालतं. मग कधीतरी चकती कोरडी पडते. तेव्हा धातू धातूवर घासतो आणि किर्र होते, आणि गाडी वळली की दांड्याचा भार एका अंगावर जातो म्हणून वळताना ती वाढते किंवा थांबते. मी शिलाई मशीनच्या तेलाचं विचारलं. ते पातळ, लवकर उडून जातं, दोन आठवड्यांत परत याल. त्यांनी जरा जाड तेल घेतलं, काडीच्या टोकाने चकतीवर मोजून थेंब सोडले, थांबले, पुन्हा सोडले. जास्त झालं तर ते कार्बन ब्रशकडे जातं आणि बरी असलेली मोटर बिघडते. हे करताना ते बोलत नव्हते. गल्लीत एक भाजीवाला ओरडत गेला, वर कोणीतरी गादी झटकली, आणि मी त्यांच्या हाताकडे बघत उभी राहिले.

"नवीन नाही झाली," मोटर परत बसवताना ते म्हणाले. "बुश घासला तेवढा घासलाच. एक-दोन हिवाळे काढेल. मग मोटर बदला, अख्खं युनिट नाही." पैसे इतके कमी सांगितले की मी जास्त द्यायला लागले, त्यांनी घेतले नाहीत. झाडाखाली गाडी लावू नका असं सांगायला गेले, आणि स्वतःच थांबले. नागपुरात मे महिन्यात झाडाखालची गाडी कोणी हलवत नाही. काचेखाली जरा मोठ्या भोकांची जाळी लावा, बारीक लावली तर हवा अडेल, आणि होळीला कूलर उतरवता तेव्हा हाही पिंजरा साफ करून घ्या, एवढं त्यांनी सांगितलं. कडुनिंबाची पानगळ त्याच सुमारास होते, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

त्या रविवारी आईला घेऊन काटोलला मावशीकडे निघाले. काटोल नाका सोडला आणि फेटरीच्या पुढे धुकं लागलं. समोरच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. काचेवर आतून बाष्प धरायला लागलं, मी हवा काचेवर वळवली, पहिल्या नंबरवर पंखा लावला, हवा कोरडी व्हावी म्हणून ए.सी.चंही बटण दाबलं, आणि खालून वर, हळूहळू, काच साफ होत गेली. आवाज फक्त हवेचा. मी मुद्दाम एका डाव्या वळणाची वाट बघितली. ते आलं आणि गेलं. काहीच नाही.

"घरघर गेली बाई," आई म्हणाली. "बरं झालं. पायाला जाणवायची नुसती."

"आणि ती किर्र?"

"कोणती किर्र?"

"ती वरची. बारीक. आपण वर्कशॉपमध्ये गेलो होतो ती."

"मला तर घरघरच येत होती," आई म्हणाली. मोटर तिच्या गुडघ्यांच्या अगदी समोर असते. मी तिच्यापासून हातभर लांब बसते आणि मला ती किर्र नको नको करायची.

मी गाडी चालवत राहिले. गेले काही महिने टीव्हीचा आवाज वाढलेला आहे, हे मला माहीत होतं. फोनवर ती नातीला "जरा मोठ्याने बोल गं" म्हणते आणि माझ्या नवऱ्याला म्हणत नाही, हेही माहीत होतं. आणि मला हेही माहीत होतं की या सगळ्याला माझ्या मनाने कधीच एक उत्तर देऊन टाकलेलं आहे, आई आता पंच्याहत्तरीला आली. तिने कधी मिलमध्ये काम केलं नाही. तिच्या बाबतीत कदाचित खरोखर वयच असेल. वयानेही बारीक आवाज आधी जातात, हे मी तेव्हाच वाचलं होतं. पण मळ साचलेला असू शकतो. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या आहेत, त्यातलं काही असू शकतं. एकाच कानाला असू शकतं. किंवा वय असलं तरी किती, कोणत्या आवाजापासून, आणि मशीनने किती भरून निघेल, हे तरी कळू शकतं. पिंजरा खाली काढल्याशिवाय त्यात किती कडुनिंब आणि किती घासलेला बुश आहे हे भाऊंनाही सांगता आलं नसतं.

मावशीच्या बागेत मृग बहाराची संत्री रंग धरू लागली होती. दोघी बहिणी बांधावर बसून बोलत होत्या, मावशी जवळजवळ ओरडूनच बोलत होती, आणि मला आठवलं की मावशी पहिल्यापासून अशीच बोलते, म्हणून तिच्याकडे आईला काही कमी ऐकू येतं असं कधी वाटत नाही. मी परत येताना वाटेत तिला सांगितलं की कानाची तपासणी करून घेऊ.

"मला काय झालं?"

"तेच बघू."

"संक्रांतीचं हळदीकुंकू होऊ दे. मग जाऊ."

मी संक्रांतीच्या आधीची वेळ घेतली. तिला समजावून सांगितलं: एका बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, आधी जाड आणि मग बारीक बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही. सुई नाही.

"आणि त्यांनीही वय झालं म्हटलं तर?"

"तर किती आणि कोणत्या आवाजाला, ते कागदावर लिहून द्या म्हणेन," मी म्हटलं. "दोन्ही कानांचं वेगवेगळं."